बिनआंघोळीची

गावात कुणी बाई वारली की तिला शेवटची आंघोळ जेनेबाच घालायची. पण इबोलाच्या साथीत तिची स्वतःची लेक यीमा गेली, तेव्हा त्याच गावात वाढलेला डॉक्टर लहाई दार अडवून उभा राहिला.

"मावशी, हात लावू नकोस. मेलेल्या अंगातही रोग जिवंत असतो. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

होता. म्हणून तर पांढऱ्या पोशाखातली माणसं यीमाला तशीच पिशवीत घालून घेऊन गेली आणि जेनेबा नुसती बघत राहिली. "जेनेबानं पोटची पोर दिली, मग आपलं काय?" म्हणत गावानंही आपापली माणसं दिली.

तेव्हापासून डोळा लागला की यीमा उंबऱ्याशी येऊन उभी राहायची. हनुवटीवर वाळलेली उलटी तशीच. "आई, मला आंघोळ कधी घालतेस?"

"डॉक्टर नको म्हणालाय गं, बाळा," जेनेबा समजूत काढायची. यीमा निघून जायची.

मग लहाईची आई त्याच तापानं गेली. जेनेबा मागच्या दारानं भेटायला गेली, तर परसात ओली चटई निथळत होती, साबणाचा वास दरवळत होता आणि लहाईच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या.

त्यानं मान खाली घातली. "मावशी, आई होती गं ती माझी."



त्या रात्री यीमानं पुन्हा तेच विचारलं, आणि तिला सांगायला जेनेबापाशी आता काहीच उरलं नव्हतं.