मॉनिटरमधली दुआ

भाचीच्या लग्नाचं शूटिंग मीच करत होतो. कॅमेऱ्यातला कच्चा व्हिडिओ केबलने बाहेरच्या मॉनिटरवर रेकॉर्ड होत होता, म्हणून माझी नजर मॉनिटरवरच होती.

तंबूत साबीर आजोबा दुआ मागत होते. मॉनिटरमध्ये सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. सवयीने मीही फिरवले आणि दुआ संपल्यावर म्हणतात ते 'ओमिन' मोठ्याने म्हणालो.

"तालाय, दुआ तरी संपू दे," आजोबा म्हणाले. "मटण कुठे पळून नाही चाललं!"

सगळे हसले. त्यांचे हात दुआसाठी अजून वरच होते.

मॉनिटरवरचं चित्र नेहमी किंचित मागे असतं. आज ते पुढे होतं.

मी केबल घट्ट बसवली. नवरी ज्याच्या आड बसली होती, तो पांढरा पडदा चित्रातून नाहीसा झाला. बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, आमच्याकडे मयताला बसतात तशा. आजोबा दाराशी उभे होते. घरचे सगळेच होते.

मधोमध बसलेल्या बाईने मान वळवली. नवरा गेला की बांधतात तसा काळा रुमाल बांधलेली ती माझी बायको होती, चिनारा.

"बॅटरी बदलू का हो?" शेजारी उभ्या चिनाराने विचारलं. तिचा रुमाल लाल होता.

"नको," मी म्हणालो. "पुरेल तेवढी."