गाईचा वाटा

टोफूवर वरवंटा ठेवून कामिनीने फडक्याची गाठ पुन्हा आवळली. पाणी नीट निथळलं नाही तर तव्यावर वड्यांचा भुगा होतो, आणि आज भुगा होऊन चालणार नव्हता.

सोयाबीन कालच भिजत घातलं होतं. सकाळी वाटून, गाळून, उकळून लिंबू पिळलं. जळगावच्या मेहरूण भागात आता टोफूची तयार पाकिटं मिळायची. पण ती लग्न होऊन आली तेव्हा मिळत नव्हती, म्हणून घरी करायची सवय लागली ती लागलीच.

आतल्या खोलीत तिच्या सासूबाई, धुरपदाबाई, पडून होत्या. चार दिवस पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. खिचडी परत आली, वरणाचं पाणी परत आलं. डॉक्टर जाताना म्हणाले, "आता पथ्यपाणी राहू द्या. जे मागतील ते द्या." पण धुरपदाबाई काही मागतच नव्हत्या.

काल भरीतही करून झालं. ते करताना जीवराम आबा, तिचे सासरे, उठून गल्लीच्या टोकाला जाऊन बसले. काशीहून आल्यापासून त्यांनी वांगं सोडलं होतं. जळगावात राहून भरीत सोडायचं म्हणजे काय, ते जळगावकरालाच विचारावं. "मनापासून आवडतं तेच सोडायचं," आबा म्हणत. "कारलं सोडून देवाला कशाला फसवायचं?" धुरपदाबाईंनी आपण काय सोडलं ते कधी सांगितलं नाही. सांगितलं की फळ जातं म्हणे. भरीत, शेवभाजी, आमरस सगळं त्या चवीनं खात, तेव्हा पेरूबिरू सोडला असेल असं घरानं धरून टाकलं.

भरीतही परत आलं. म्हणून आज टोफू घातलेले नूडल्स. हा वेडेपणा आहे हे कामिनीला कळत होतं.

नवी नवरी असताना तिनं ते पहिल्यांदा केले, तेव्हा धुरपदाबाईंनी गल्लीतल्या बाया गोळा केल्या होत्या. "देखा वं, मन्ही सून गांडूळ रांधस. नि वर ढोरंसनी पेंड." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. कामिनीही हसली आणि मग मोरीत जाऊन रडली. तरी हट्टानं ती दर रविवारी नूडल्स करत राहिली. उरलेलं वाडग्यात काढून ठेवलं की सकाळी वाडगं घासून पालथं घातलेलं असे. "गायले घाली दिन्हं," धुरपदाबाई म्हणत.

पुढे दोनदा तिची कूस रिकामी झाली. तिसऱ्यांदा सातव्या महिन्यातच मयुरी जन्मली आणि एकवीस दिवस काचेच्या पेटीत राहिली. तिला घरी आणलं त्याच महिन्यात सासूसासरे काशीला जाऊन आले. धुरपदाबाईंची सोनगीरची बहीण, मंजुळाबाई, सोबत होती.

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी कामिनीने वाडगं भरून ठेवलं. सकाळी ते तसंच होतं. पुढच्या रविवारीही तसंच. म्हणजे आता आपल्या हातचं गाईला घालण्याच्याही लायकीचं राहिलं नाही, असं तिनं समजून घेतलं आणि तेरा वर्षं तेच धरून बसली. याच सासूनं तिचं बाळंतपण काढलं, मयुरीला मांडीवर वाढवलं, उठता-बसता तिची बाजू घेतली. पण एवढा एक सल राहून गेला. त्या जाण्याआधी त्यांनी आपल्या हातचा हा एक घास घ्यावा, याहून जास्त तिला काही नको होतं.

तिनं टोफूच्या वड्या तांबूस भाजल्या. कोबी, गाजर, सिमला मिरची उभी चिरून मोठ्या आचेवर परतली, लसूण जास्तच घातला. उकडलेले नूडल्स टाकले, सोया सॉस फिरवला. वर कांद्याची पात. सगळं अगदी मऊ ठेवलं, आणि त्याच जुन्या वाडग्यात वाढून ती आत गेली.

"आई, थोडं खाता?"

धुरपदाबाईंनी डोळे उघडले. वाडग्याकडे बघत राहिल्या.

"जवळ आन," त्या म्हणाल्या.

कामिनीने वाडगं पुढे केलं. चार दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच काही जवळ मागितलं होतं. धुरपदाबाईंनी वाफ नाकात घेतली, पुन्हा घेतली. डोळ्यांत पाणी आलं. लसणाचा ठसका लागला असेल म्हणून कामिनीने ते पदरानं टिपलं आणि चमचा ओठांपाशी नेला.

ओठ मिटले.

"मयुरीले दे. तिन्हाच वाटा शे तो."

"एकच घास, आई. माझ्यासाठी."

धुरपदाबाईंनी मान भिंतीकडे वळवली.

"इतकं काय वाईट आहे हो माझ्या हातात?" कामिनी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती सासूला असं बोलली, आणि बोलल्याबरोबर तिला लाज वाटली.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. सोनगीरहून मंजुळाबाई आल्या होत्या. त्या बहिणीच्या उशाशी बसल्या, कपाळावरून हात फिरवला. मग त्यांचं लक्ष कामिनीच्या हातातल्या वाडग्याकडे गेलं.

"हाई काय शे? सोयाबीनन्या वड्या घालीसन करतस, तेच का?"

"हो, मावशी. बघा ना, आजही नाही म्हणाल्या. त्यांना कधी आवडलंच नाही."

मंजुळाबाईंनी वाडग्यावर आपला पदर टाकला आणि आवाज खाली आणला.

"उचल ते तिन्हा समोरथून, पोरी. काशीना घाटवर उभी राहीसन तिन्ही हाईच सोडेल शे."