ओतीव की घडीव

वडिलांनी चारही घडीव पिस्टन खोक्यात परत कोंबले आणि ते खोके गॅरेजातल्या टेबलावरून मुलीच्या दिशेने ढकलले. मुलीने तितक्याच रागाने ते परत ढकलले. मधल्या मध्ये तेलाचा डबा कलंडला. तो उचलण्याचे भान दोघांपैकी एकालाही राहिले नाही.

टेबलाच्या दुसऱ्या अंगाला वडिलांनी निवडलेले ओतीव पिस्टन मांडलेले होते. ओतीव पिस्टन म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेला. तो सिलिंडरमध्ये घट्ट बसतो व निमूटपणे काम करतो. परंतु शर्यतीचा ताप आणि दाब मर्यादेपलीकडे गेला की त्यास तडा जातो. घडीव पिस्टन प्रचंड दाबाखाली घडविलेला असतो. तो सहसा फुटत नाही. मात्र तापल्यावर तो अधिक फुगतो, म्हणून त्याच्याभोवती अधिक फट सोडावी लागते, आणि त्या फटीपायी इंजिन थंड असेपर्यंत तो खडखडतो. इंजिन गरम झाले की आवाज आपोआप विरतो. हे सर्व वडिलांना मुलीच्या जन्माआधीपासून ठाऊक होते. नेमका याच गोष्टीचा तिला अधिक संताप येत होता.

शर्यतीची गाडी ती स्वतः चालवीत असे. मागील मोसमात ऐन वळणावर ओतीव पिस्टनचा माथा फुटला, तेल मागच्या चाकांखाली सांडले आणि गाडी दोन वेळा उलटली. तिच्या गळ्याजवळचे हाड सांधायला तीन महिने लागले. गाडी सुटण्यापूर्वी वडिलांनी नेहमीप्रमाणे इंजिन ऐकून ‘जा’ म्हटले होते. शेजारचा लेथवाला मागाहून सांगत सुटला की त्याला सुटण्याआधीच बारीक टकटक ऐकू आली होती. परंतु लेथवाल्याचे बोलणे कोण मनावर घेणार? घटना घडून गेल्यावर त्याला सर्वच ऐकू आलेले असे.

येत्या रविवारी पुन्हा शर्यत होती.

वडिलांचे म्हणणे एकच होते. चाळीस वर्षांत या गॅरेजातून वाजणारे इंजिन बाहेर पडलेले नाही, आणि आपण जिवंत असेतो पडणारही नाही. मुलीने तापमानाचे आकडे सांगितले, फटीचे माप सांगितले. वडिलांनी पुन्हा चाळीस वर्षे सांगितली. इंजिन शर्यतीला न्यायचे आहे की पाळण्यातल्या बाळाशेजारी ठेवायचे आहे, असे तिने विचारले. त्यावर वडिलांच्या कपाळाची शीर ताठ झाली.

“मी जिवंत हवी आहे की इंजिन गप्प हवंय, ते एकदाचं सांगून टाका, बाबा.”

 वडिलांनी अंगावरचा एप्रन ओरबाडून काढला व खिळ्याला अडकविला. दाराशी गेल्यावर ते वळले.

“बसव तुझ्या मनाला येईल ते. दोन दिवस मी इकडे फिरकत नाही. पण चालू केल्यावर एवढीशी जरी खडखड माझ्या कानावर आली, तर तिथल्या तिथे इंजिन उतरवून भंगारात घालीन. मग बस रविवारी घरी.”

ते दोन दिवस तिने दात-ओठ खात काम केले. लेथवाल्याकडे जाऊन सिलिंडर घडीव पिस्टनच्या मापाने वाढवून घेतले. तुझा बाप माझी कातडी सोलेल, अशी त्याची तक्रार होती. तुमची कातडी जाड आहे काका, त्यांचा पान्हा बोथट होईल, असे सांगून तिने त्याला कामास लावले. एकेक पिस्टन तिने तोलला, पिस्टनभोवतीची एकेक कडी घासून जुळविली. घरी बापलेक आईमार्फत बोलत. मिठाचे भांडेदेखील आईच्या हातून पलीकडे जाई. अखेरीस, मी काय तुमची पोस्टमन आहे का, असे म्हणून आईने ताट उचलले आणि ती दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वडील आले.  त्यांनी एप्रन चढविला आणि ते इंजिनापाशी हाताची घडी घालून उभे राहिले.

मुलीने चावी फिरविली.

थंड इंजिन गर्जत उठले, आणि त्याबरोबर खडखड उठली. पत्र्याच्या डब्यात मूठभर नट घालून कोणी जिवाच्या आकांताने हलवावे, तशी ती खडखड होती. पलीकडे लेथवाल्याने आपले यंत्र बंद केले व तो दारात येऊन उभा राहिला. वडिलांना पाहताच तो एक पाऊल मागे सरला. मुलगी पान्हा घट्ट धरून इंजिनाच्या आड उभी राहिली. काय बोलायचे ते तिने दोन रात्री मनात घोळविले होते. हे इंजिन उतरवायचे असेल तर आधी मला बाजूला काढावे लागेल, हे तिचे पहिले वाक्य होते.

वडिलांनी हाताने तिला बाजूला केले. लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याचे टोक त्यांनी इंजिनावर टेकविले आणि मूठ कानाला लावली. पहिला सिलिंडर. दुसरा. तिसरा. चौथ्यापाशी ते बराच वेळ वाकून राहिले. लेथवाल्याने डोळे मिटून घेतले.

खडखड अजून तशीच चालू होती. मग वडील सरळ झाले. त्यांच्या कपाळाची शीर उतरली होती. तीन दिवसांत प्रथमच त्यांनी मुलीकडे मायेने पाहिले.

“शहाणी आहेस. शेवटी ओतीवच बसवलेस.”