सात खाडे

"खाडा म्हणजे गैरहजेरी. जितके खाडे, तितके दिवस पगारातून वजा करायचे," मिस्त्रींनी तिला शिकवलं. नवऱ्यामागे लेथचं वर्कशॉप तिच्या गळ्यात पडलं होतं आणि आज पहिला पगार करायचा होता.

तिसऱ्यांदा बेरीज केली, तरी बँकेत एकोणीस हजार कमीच. ती हजेरीपुस्तकात खाडे शोधत सुटली. एका रकान्यात तर सातही जणांच्या नावापुढे खाडा!

"मालक गेले म्हणून सगळ्यांनी एकदम दांडी मारली? सगळ्यांचा दिवस कापते!" तिचा आवाज चिरकला.

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. "कापा, वहिनी. मालकांच्या शिस्तीप्रमाणे मीच मांडलेत ते. त्या दिवशी आम्ही त्यांना पोचवायला स्मशानात आलो होतो."

तिने रकान्यावरची तारीख पाहिली. अकरा. तिला ती ओळखूच आली नव्हती.