अर्धा तंबू

डोंगरातल्या तळ्यांवर गळ टाकायला दोघे साडू दरवर्षी जोडीने जायचे. तंबूसुद्धा भागीतला: कापड थोरल्याकडे, काठ्या धाकट्याकडे. यंदा थोरल्याचा गुडघा कुरकुरायला लागला आणि धाकट्याने ऑफिसातल्या दोन चपळ पोरांबरोबर परस्पर बेत ठरवून टाकला. सगळं जमलं, अडलं ते कापडापाशी.

धाकटा ते मागायला गेला तेव्हा थोरला टेबलापाशी बसून बारीक गळांना पीस आणि दोरा गुंडाळत होता. माशांना फसवायच्या नकली माश्या. तयार झालेल्या जोडीजोडीने मांडल्या होत्या.

"दादा, तंबूचं कापड हवं होतं. पुतण्याच्या शाळेचं शिबिर आहे, मैदानावर."

"ने की. परवाच धुऊन वाळवलंय."

थोरला गुडघ्यावर हात दाबून उठला. आतल्या खोलीत त्याची बायको फोनवर खळखळून हसत होती. "अगं ताई" अशी पलीकडची हाक इथवर ऐकू आली, आणि धाकट्याने आपल्या बायकोचा आवाज ओळखला. दोघी सख्ख्या बहिणी. आपल्या घरात शिजलेलं या घरात कळायला कितीसा वेळ लागतो!

थोरल्याने आणून दिलेली कापडाची गुंडाळी त्याने मान खाली घालूनच काखेत मारली. थोरला नेहमीसारखा दारापर्यंत पोचवायला आला.

"पुतण्याला एक सांग," तो म्हणाला, "वरच्या तळ्यावर रात्री पश्चिमेचा वारा सुटतो. तंबूचं दार पूर्वेला ठेव म्हणावं."