कुंडीवरचं काम

ज्योत तळाशी निळी होती, टोकाला किंचित पिवळी. हर्षाने शेगडीची हवेची चकती जराशी फिरवली, तसं पिवळं टोक मावळलं. पातेल्यात पुरण शिजत होतं. आज महालक्ष्म्यांचं जेवण होतं.

खिडकीतून गोबर गॅसची कुंडी दिसत होती. हर्षाची मुलगी अपेक्षा कोपरापर्यंत हात बुडवून शेण-पाणी कालवत होती. आज सकाळी तिला पहिल्यांदा पाळी आली, आणि आजीने, पार्वताबाईंनी, तिला स्वयंपाकघरातून उठवलं. शेगडीला हात नाही, देवघरात पाय नाही. कुंडीवरचं काम तेवढं चालतं. या घराची रीतच तशी होती. बी.एस्सी. झालेली हर्षाही लग्नापासून दर महिन्याचे ते चार दिवस कुंडीवर काढत आली होती. दरवेळी मनात म्हणायची, पुढच्या खेपेला बोलू. आज सकाळीही ती गप्पच राहिली होती.

“आजी, मले जेवायले तरी आत येऊ देशीन न?” अपेक्षाने बाहेरून विचारलं.

“तुहं ताट तिथंच आणून देतो. चार दिवसांनं काही झिजत नाही तू.”

हर्षाने पुरण घोटता घोटता म्हटलं, “आई, शेणाचा गॅस व्हायले महिना-दीड महिना लागते. हे पुरण शिजून राहिलं ते मांगच्या महिन्यातल्या शेणावर. थे मीच कालवलं होतं, बाहेर बसली होती तवा.”

“मंग? पाइपातून गॅस येते. तुहे हात नाही येत.”

बाहेर अपेक्षा खुदकन हसली. मग शेणातल्या काड्या वेचून बाजूला टाकू लागली. न सांगता, नीट. जणू वर्षानुवर्षं तेच करत आली होती.

हर्षाने डाव खाली ठेवला. अंगणात जाऊन तिने मुलीचे हात कुंडीतून बाहेर काढले, बादलीतल्या पाण्याने धुतले, पदराने पुसले आणि तिला घेऊन ती दाराशी आली.

पार्वताबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. “हर्षा, घरात महालक्ष्म्या बसल्या हायेत. समजते काय तुले?”

“समजते, आई. माही पाळी परवाच आली. काल त्यायले मीच बसवलं, आज पुरणही मीच शिजवून राहिली. आता या घरातली कोणतीच बाई बाहेर बसणार नाही.”