पांघरूण

“बाप शेवटच्या घटका मोजत होता आणि ही आरशात बघत उभी होती,” आई म्हणाली. “आता यावर काय म्हणायचंय तुमचं?”

डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर उतरवून घेतलं. समोरच्या खुर्चीत थोरली लेक बसली होती. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारी, चाळिशीला टेकलेली बाई. स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, तपासणी करून घ्यायला ती आपणहून आली होती. मोठ्या माणसाची तपासणी करायची तर त्याचं लहानपण पाहिलेलं कुणीतरी लागतं, म्हणून आईला बोलावलं होतं. आई आली ती भांडायच्या तयारीने. गेल्या वर्षी नवरा गेला, आणि त्या दिवसापासून घरात थोरलीचं नाव ‘दगड’ पडलं होतं.

“मी खरंच दगड आहे का, तेवढं बघा,” थोरलीने आल्या आल्या सांगून ठेवलं होतं. दुसरं तिला काही नको होतं.

“लहानपणी कशी होती?” डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं.

“येडपट. शाळेत बाईंनी सांगितलं, तोंडाला कुलूप लावा. तर ही घरभर कुलूप शोधत फिरली.” आईला हसू आलं. मग तिने ते गिळलं. “पण तेव्हा लहान होती. मोठेपणी काय झालं? ह्यांचे साहेब चहाला आले, तर ही त्यांना म्हणते, ‘बाबा आजारी नव्हते, घरी झोपले होते.’ ह्यांची पार शोभा झाली. रागाच्या भरात बोलले काहीबाही. बाप बोलणारच. आणि ह्यांचा सकाळचा राग संध्याकाळी नसायचा. हिने मात्र कायमची पाठ फिरवली. घरी यायची, पण ह्यांच्याकडे पाठ करून बसायची. जेवायची तीसुद्धा भिंतीकडे बघून.”

“आणि दवाखान्यात?”

“तिथेही तेच. पलंगाकडे पाठ आणि तोंड बेसिनवरच्या आरशात. अख्खा दिवस. शेवटी माझं डोकं फिरलं. टाकला टॉवेल त्या आरशावर. तेवढ्यात ह्यांची तगमग सुरू झाली. ‘काढ, काढ’ म्हणायला लागले. पांघरूण काढलं, तरी ‘काढ’च. तशातच गेले. ही जागची हललीसुद्धा नाही.”

आईला नवऱ्याचं दुःख होतंच, पण मुलीवरचा राग त्याहून ताजा होता.

डॉक्टरीणबाई थोरलीकडे वळल्या. “रागाच्या भरात बाबा काय बोलले होते?”

“परत मला तोंड दाखवू नकोस, असं म्हणाले होते,” थोरली म्हणाली. “म्हणून नाही दाखवलं. घरी येऊ नकोस, असं नव्हते म्हणाले. म्हणून येत होते.”

“अगं, तसं बोलायची पद्धत असते,” आई म्हणाली.

“मग दाखव, असं परत सांगायचं ना कुणीतरी. मी वाट बघत होते.”

एवढी वर्षं मुलगी हट्टी आहे म्हणून बाप गप्प राहिला होता. आणि मुलगी आज्ञाधारक होती.

“आरशात काय बघत होतात?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“बाबांना. वळता येत नव्हतं, म्हणून आरशातून.” थोरली बोटाने अंगठ्याचं नख घासत होती, भिंग घासावं तसं. “मला ते दिसतात म्हणजे त्यांनाही मी दिसणार, हे काचेचं काम करणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. ते हसले तेव्हा मला कळलं. मी घाबरून तोंड बाजूला घ्यायला लागले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग आम्ही दोघं बघत राहिलो. खूप वेळ.”

“मग?”

“मग टॉवेल आला.”

आई मुलीकडे वळली. मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली, ती तिने उचलली नाही.

“‘काढ’ म्हणत होते ते पांघरूण नव्हतं गं,” ती म्हणाली.